आठ महिन्यांचं भांडण आणि एक फोन

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या तिरप्या छताच्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड होता. तिथे येणारा प्रत्येक नवा माणूस आधी छतावर डोकं आपटून घ्यायचा. "सांभाळून हं," असं ताई म्हणायच्या, पण नेहमी आपटल्यानंतर. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तेवढी एक करमणूक त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती.

ताई तिथल्या ऑपरेटर. जन्मापासून दृष्टी नाही. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा कारागीर. "गावाला दिसायला लावतो आणि घरी दिव्याखाली अंधार," हे ताईंनी लग्नाच्या दिवशी स्वतःच सांगून टाकलं होतं, पाहुण्यांना कुजबुजायचे कष्ट नकोत म्हणून. दोनशे बारा नंबर त्यांना तोंडपाठ. फोन उचलला की पलीकडचा माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो, त्या श्वासावरून त्या माणूस ओळखायच्या. क्ष-किरण विभागातल्या तंत्रज्ञाला त्या एकदा त्याने 'हॅलो' म्हणायच्या आधीच म्हणाल्या, "सर्दी अजून गेली नाही वाटतं." तो बिचारा पुढे दोन दिवस फोनकडे संशयाने बघत होता.

या बाईंचं आणखी एक आयुष्य होतं, ते रुग्णालयात कुणाला ठाऊक नव्हतं. 'बोलका' नावाच्या सॉफ्टवेअरच्या तीन राखणदारांपैकी त्या एक होत्या.

बोलका म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. तो कुठल्या कंपनीचा नाही. ठिकठिकाणची माणसं, त्यातली बरीचशी न दिसणारी, फावल्या वेळात तो लिहितात. त्याचा कोड उघड्यावर ठेवलेला असतो. ज्याला हवा त्याने न्यावा, सुधारावा, सुधारलेला परत आणून द्यावा; आलेल्यातलं काय घ्यायचं ते राखणदार ठरवतात. कुणा एकाचा नाही म्हणून सगळ्यांचा. आणि जे सगळ्यांचं असतं त्यावरून भांडायचा हक्कही सगळ्यांनाच असतो.

ताई तिथे पोचल्या त्याही भांडायलाच. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर आला, कुणीतरी त्यात बोलका घालून दिला, आणि आठवड्याभरात ताईंनी एकवीस तक्रारींचं पत्र धाडलं. उत्तर आलं, "तक्रारी बरोबर आहेत. आता निस्तरायलाही या." उत्तर देणारे होते गुरुजी, गणिताचे निवृत्त शिक्षक, तेही जन्मांध, बोलक्याचा पहिला कोड अक्षर न् अक्षर त्यांनी लिहिलेला. ताई गेल्या. कोड त्यांना जेमतेम जमायचा, पण वैतागलेल्या माणसाला न वैतागता समजावणं हा त्यांच्या हातचा मळ. नव्या माणसांची सगळी पत्रं त्यांच्याकडे येऊ लागली आणि बघता बघता त्या राखणदार झाल्या. तिसरे शिंपीदादा. चाळिशीत, पाच वर्षांपूर्वी, त्यांची दृष्टी गेली. कात्री खाली ठेवली आणि कीबोर्ड हातात धरला, तो असा झपाट्याने की गुरुजींनीच त्यांना राखणदार केलं.

आणि आता गुरुजी आणि शिंपीदादा या दोघांची आठ महिने जुंपली होती.

भांडण ऐकायला अगदी एवढंसं. बोलका एक ओळ वाचतो आहे आणि तेवढ्यात दुसरी ओळ आली, तर त्याने काय करायचं? चालू वाक्य तिथेच तोडायचं, की पूर्ण करून मग पुढचं घ्यायचं? शिंपीदादा म्हणत, तोडा. नाहीतर बोलण्याचा ढीग साचतो, माणूस पाचव्या ओळीवर आणि आवाज अजून पहिलीवर. गुरुजी म्हणत, पूर्ण होऊ द्या. तोडलंत तर कानात नुसत्या चिंध्या पडतात, त्यातून अर्थ लागत नाही. मग बटण ठेवा, ज्याला जे हवं ते तो घेईल, असं कुणीही शहाणा सुचवेल. पण बोलक्यात आधीच एकशे चाळीस बटणं होती, नवा माणूस त्यातच गटांगळ्या खायचा, आणि "यापुढे एकही बटण वाढवायचं नाही" यावर दोघांचं एकमत होतं. साऱ्या जगात त्यांचं एकमत होतं ते या एकाच गोष्टीवर, आणि तेच नेमकं आड येत होतं.

हळूहळू लिस्टवर तट पडले. तोडवाले आणि थांबवाले. लिस्ट म्हणजे सगळ्यांना जाणारी पत्रं. बोलक्याच्या मंडळींचा तिथे एक कडक रिवाज होता: जे लिस्टवर नाही ते झालंच नाही. प्रत्येक मुद्दा लेखी, सगळ्यांसमोर. म्हणजे दहा वर्षांनी येणाऱ्या माणसालाही कळावं, हे असं का ठरलं. फोन करणं, खासगीत ठरवणं हे जवळजवळ पापच. रिवाज चांगलाच होता. पण लिहिताना माणूस आपला मुद्दा घासून घासून धारदार करतो, आणि आठ महिन्यांत दोन्हीकडे सुऱ्या तयार झाल्या होत्या. "ज्यांना वेगाने काम करायचंच नाही त्यांच्यासाठी..." असं शिंपीदादा लिहीत. "ज्यांना अजून ऐकायलाच शिकायचं आहे त्यांच्यासाठी..." असं गुरुजी लिहीत. सहाशे पत्रं झाली. ताईंनी ती सगळी ऐकली, जेवणाच्या सुट्टीत, डब्यातला घास हातात तसाच ठेवून.

दोन राखणदार दोन टोकांना गेले की तिसऱ्याचं मत निर्णायक, हा नियम. ताई मत देत नव्हत्या, कारण त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांनी दोन्ही तऱ्हा वापरून बघितल्या होत्या आणि दोन्ही त्यांना सारख्याच बऱ्या आणि सारख्याच वाईट वाटल्या होत्या. लोक म्हणत, ताई कुंपणावर बसल्यात.

मग एका सोमवारी रुग्णालयाचे साहेब जिन्याखालच्या खोलीत आले. त्यांचं डोकं आपटलं नाही, म्हणजे ते वाकून आले होते, म्हणजे काम गंभीर होतं. त्यांच्यामागून चाकांची एक खुर्ची आत आली. तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"ताई, जुना बोर्ड जाणार. नवा येतोय, कॉम्प्युटरवरचा. सगळं स्क्रीनवर दिसतं. कोण बोलतंय, कुठून, किती जण थांबलेत."

"दिसतं," ताई म्हणाल्या.

"म्हणूनच..." साहेब अडखळले. "शुक्रवारी चाचणी घेऊ. तुम्हाला जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर तुम्हाला चौकशीच्या टेबलाशी बसवू, तिथे काही त्रास नाही. नोंदणीतल्या एकाला तयार ठेवलंय. ही खुर्ची त्याची."

साहेब वाईट नव्हते, तेच तर अवघड होतं. चौकशीच्या टेबलाशी बसणं म्हणजे पंख्याखाली बसून "डावीकडे जा" म्हणणं. ही खोली, हा बोर्ड, हे दोनशे बारा श्वास त्यांचे होते. ते जाऊ द्यायची त्यांची मुळीच तयारी नव्हती.

अशा बोर्डांना बोलका जोडायचा जोड आधीच तयार होता, म्हणजे अर्धा-अर्धा. कॉल आला हे ओळखणारा भाग शिंपीदादांचा, तो बोलायला लावणारा भाग गुरुजींचा. आणि दोघांचं अडलं होतं ते नेमकं तिथे: बोलका एक कॉल वाचत असताना दुसरा आला, तर तोडायचं की थांबायचं. त्याच संध्याकाळी लिस्टवर शिंपीदादांचं पत्र आलं. उद्यापर्यंत निर्णय झाला नाही तर आम्ही तोडवाले आमची वेगळी चूल मांडतो, कोडची आमची प्रत घेऊन निघतो. तासाभरात गुरुजींचं उत्तर आलं, दोन शब्दांचं. "खुशाल मांडा."

वेगळ्या चुली झाल्या की अर्धा जोड इकडे आणि अर्धा तिकडे. ताईंच्या शुक्रवारच्या हाती धुपाटणं.

रात्री जेवताना नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. त्याला सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नसे. तो म्हणाला, "आमच्याकडे गिऱ्हाईक येतं, चष्मा चुकलाय म्हणून ओरडतं. मी काही बोलत नाही. आधी म्हणतो, द्या इकडे, बघू. कधी कधी चष्मा बायकोचा असतो."

"अहो, इथे चष्मा कुठाय?"

"मला काय माहीत? मी आपलं दुकानातलं सांगितलं," म्हणून त्याने ताट उचललं.

मंगळवारी दुपारी ताईंनी रिवाज मोडला. तीन माणसांना एका तारेवर आणणं हे तर त्यांचं पोटापाण्याचं काम. त्यांनी गुरुजींना फोन लावला, शिंपीदादांना लावला, आणि जोडून दिला.

"हे लिस्टवर का नाही?" गुरुजींचा पहिला प्रश्न.

"लिस्टवर नंतर लिहीन, एक शब्द न गाळता. आत्ता ऐका."

ऐकतो कोण! तिसऱ्या मिनिटाला दोघं तीच सहाशे पत्रं एकमेकांना तोंडी म्हणून दाखवायला लागले. ताईंनी ऑपरेटरचा ठेवणीतला आवाज काढला, ज्या आवाजापुढे शल्यविशारदसुद्धा ओळीत उभे राहतात.

"गप्प. दोघंही. हेडफोनची वायर काढा. बोलका मोठ्याने बोलू दे. फोन मशीनपाशी धरा. जोडाबरोबर आलेली फोन नंबरांची नमुना यादी उघडा आणि खाली जायचं बटण तीनदा दाबा. तुम्हाला काय त्रास होतो ते मला सांगू नका, ऐकवा. आधी शिंपीदादा."

शिंपीदादांचा आवाज खाली आला. "आत्ता नको ताई. घरात माणसं आहेत."

"माणसं आमच्याकडे पण आहेत. काढा वायर."

मग खरखर झाली, आणि तिकडून बोलक्याचा आवाज आला. संथ, एकेक अक्षर जमिनीवर ठेवत चालल्यासारखा. "प्र... योग... शाळा... दुसरा... मजला..." बटण दुसऱ्यांदा दाबल्याचा खटका झाला, तिसऱ्यांदा झाला, आणि आवाज अजून दुसऱ्या मजल्यावरच होता.

"तुमचं मशीन बिघडलंय का हो?" गुरुजींनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

"नाही," शिंपीदादा म्हणाले. "माझा वेग एवढाच आहे."

ताई खुर्चीत ताठ झाल्या. "गुरुजी. आता तुमची वायर."

गुरुजींनी वायर काढली, बटण तीनदा दाबलं, आणि फोनमधून तडतड लाह्या फुटल्या. संपल्याही.

"हे काय होतं?" शिंपीदादा.

"प्रयोगशाळा दुसरा मजला, रक्तपेढी दुसरा मजला, अतिदक्षता तिसरा मजला," गुरुजी म्हणाले. "स्वच्छ तर वाचलं."

"हे... हे तुम्हाला कळतं?"

"तुम्हाला नाही कळत?"

आणि ताई हसायला लागल्या. खोखो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, टेबलावर हात आपटत. दारावरून जाणारी एक परिचारिका "काय झालं, काय झालं" म्हणत आत धावली आणि छतावर आपटली, तरी ताईंचं हसू थांबेना. आठ महिने! सहाशे पत्रं! आणि एकाही शहाण्याने लिहिलं नव्हतं की मी बोलका किती वेगाने ऐकतो! कारण प्रत्येकाच्या कानात हेडफोन. प्रत्येकाचं मशीन बोलायचं ते त्या एका माणसाशी. वर्षानुवर्षं बोलक्यावर काम केलेल्या या मंडळींनी दुसऱ्याचा बोलका कधी ऐकलाच नव्हता. गुरुजींच्या वेगात वाक्य पूर्ण व्हायला पापणी लवण्याएवढा वेळ, म्हणून त्यांना तोडणं नको. शिंपीदादांच्या वेगात वाक्य म्हणजे मालगाडी, म्हणून त्यांना थांबणं नको. आणि ताई मधल्या वेगाच्या, म्हणून त्यांना दोन्ही सारखंच! त्या कुंपणावर बसल्या नव्हत्या, त्यांचं घरच तिथे होतं.

"पण दादा, तुम्ही लिहिलं का नाहीत कधी?" हसू आवरून त्यांनी विचारलं.

शिंपीदादांचा श्वास ताईंना ऐकू आला. रडू गिळणाऱ्या माणसाचा होता तो. "काय लिहू ताई? लिस्टवर सगळे वेगाच्या बढाया मारतात. मी पाच वर्षं घासतोय, माझे कान त्याच्या पुढे जातच नाहीत. राखणदार म्हणवतो आणि बालवाडीच्या वेगाने ऐकतो, हे सांगू?"

गुरुजी म्हणाले, "मी तुम्हाला आळशी समजलो. ऐकायला शिका असं लिहिलं मी. चार वेळा लिहिलं." त्यांचा आवाज फाटला. "चुकलो हो मी."

यावर पाच-दहा मिनिटं गळा काढून बसायची सोय होती, पण शिंपीदादा एकदम ओरडलेच, "अहो, मग कापड बघू ना!"

"कसलं कापड?"

"आम्ही कात्री लावायच्या आधी काय बघतो? कापड किती उरलंय ते! बोलक्याला माहीत असतं ना, वाक्याचं किती बोलायचं उरलंय? आणि वेग माहीत असतो. मग उरलेलं अर्ध्या सेकंदात संपणार असेल तर संपवू दे. जास्त असेल तर काप. बटण नको, काही नको!"

"भागाकार," गुरुजी पुटपुटले. "अरे देवा, नुसता भागाकार! उरलेली अक्षरं भागिले वेग." आणि मग त्या शहात्तर वर्षांच्या माणसाने फोनवरच टाळी वाजवली.

पुढचे दोन दिवस नुसता धुमाकूळ. शिंपीदादा लिहीत, गुरुजी तपासत, ताई जेवणाच्या सुट्टीत चालवून बघत. बुधवारी पहिली आवृत्ती आली ती 'अतिदक्षता'ला मधोमध कापून मोकळी होई. "दादा, शिवण उसवली," ताईंनी कळवलं. तोडायचं तर शब्दाच्या कडेला तोडायचं, असं ठरलं. गुरुवारी सकाळी दोघांचे दोन तुकडे एकमेकांना चपखल बसले. वेगळ्या चुलीचं पत्र शिंपीदादांनी मागे घेतलं.

आणि ताईंनी कबूल केल्याप्रमाणे लिस्टवर सगळं लिहिलं. फोन केला हेही लिहिलं. दोघा-चौघांनी रिवाज मोडल्याबद्दल नाकं मुरडली. पण त्या पत्राखाली शिंपीदादांनी एक ओळ टाकली होती: "माझा वेग शंभरात पंचवीस." खाली गुरुजींची: "माझा पंचाण्णव. दोघांनी एकमेकांचा ऐकून पाहिला." आणि मग धरणाचं दार उघडावं तशी माणसं बोलायला लागली. माझा तीस. माझा वीस, कुणाला सांगितलं नव्हतं. माझा ऐंशी, पण ताप आला की चाळीस. संध्याकाळपर्यंत सत्तर जणांनी आपापल्या मशीनचा आवाज रेकॉर्ड करून धाडला. ताई ते एकामागून एक ऐकत बसल्या. एवढी माणसं, आणि प्रत्येकाचा बोलका निराळा! घरी जायचं भान त्यांना राहिलं नाही, नवराच न्यायला आला.

शुक्रवारी साहेब वाकून आले. बोर्डवाल्या कंपनीचा माणूस आला, तो आपटला. नोंदणीतला कारकून दाराशी उभा राहिला. ताईंनी हेडफोन चढवला.

पहिला कॉल. दुसरा. बाहेरून एक घाबरलेला मुलगा, आईला कुठे नेलंय ते माहीत नसलेला. त्याला त्यांनी तिसऱ्या मजल्यावर जोडून दिलं. मग चाचणी म्हणून कंपनीवाल्याने एकदम सात कॉल सोडले. बोलका सुटला. छोटी नावं पुरी करत, लांबलचक ओळी शब्दाच्या कडेला कापत, एकही चिंधी नाही, ढीग नाही. ताईंची बोटं धावत होती. कॉल जोडता जोडता त्या गुणगुणायलाच लागल्या. मध्येच एक कॉल चाचणीतला नव्हता. बोलक्याने भांडारगृहाची लांब ओळ मध्येच सोडली आणि म्हणाला, "प्रसूती कक्ष." ताईंनी उचलला. पलीकडे अर्धा श्वास.

"भूलतज्ज्ञ हवेत ना?" त्या म्हणाल्या. "जोडते." आणि जोडलासुद्धा.

वीस मिनिटांनी कंपनीवाला म्हणाला, "एकही सुटला नाही. आमच्या माणसांचे सुटतात."

साहेब पुढे आले. मग चाक कुरकुरलं. ते त्या खुर्चीत बसले होते.

"ताई, मला एक कळलं नाही. तुम्हाला हे कळतं कसं? काय ऐकता तुम्ही?"

सव्वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ताईंनी वायर काढली. साठच्या वेगाने बोलका खोलीभर तडतडला, आणि साहेब दचकले. मग ताईंनी वेग उतरवत उतरवत शिंपीदादांच्या पंचविसावर आणला.

"प्र... योग... शाळा... दुसरा... मजला..."

"अरेच्चा," साहेब म्हणाले. "हे तर मलाही कळतंय." तीन ओळी ते ऐकत राहिले. मग उठले, आणि या खेपेला वाकायचं विसरले. ठण्‌कन आवाज झाला.

"सांभाळून हं," ताई म्हणाल्या.

डोकं चोळत साहेबांनी कारकुनाला सांगितलं, "ही खुर्ची घेऊन जा वर." कुरकुरणारं चाक दाराबाहेर गेलं, बोळातून गेलं, लिफ्टमध्ये शिरलं. ताई शेवटची कुरकुर विरेपर्यंत ऐकत राहिल्या.

बोर्ड वाजला. बाहेरचा कॉल. पलीकडच्या श्वासावरूनच ताईंनी ओळखलं, आणि त्यांचा विश्वासच बसेना. आपणहून कधी फोन न करणारा माणूस.

"गुरुजी?"

"जमलं का?"

"जमलं!"

"छान. छान." गुरुजी घुटमळले. "ताई, एक काम होतं. शिंपीदादांना जोडून द्याल का? मी आज सकाळपासून माझा बोलका पंचविसावर ठेवलाय. त्यांना ऐकवायचाय."